बिनतोड आणि वरची खोली

हातमोज्यांच्या कारखान्यात त्याला सगळे बिनतोड म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तो खूश व्हायचा. कधीतरी जेवणाच्या सुट्टीत कातडं कापणाऱ्यांपैकी एकजण वैतागून म्हणाला होता, "बाबा रे, तुझं सगळं बिनतोड. आता घास गिळू दे." त्या दिवसापासून ते नाव चिकटलं. टिंगलीत ज्याला पदवी ऐकू येते त्याचं कोण काय वाकडं करणार? त्याची बायको त्याच कारखान्यात शिवणकामाला होती. तिला 'बिनतोडची बायको' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा मऊ करत. ती कीव तिला नवऱ्याच्या बडबडीपेक्षा जास्त झोंबायची.

माणूस अडाणी असता तर बरं झालं असतं. अडाण्याला कुणीतरी कधीतरी गप्प बसवतं. हा मात्र वाचलेला होता. चौकातल्या वाचनालयातलं एक कपाट शिल्लक ठेवलं नव्हतं त्याने. कातडं कसं कमावतात, ग्रहण कसं लागतं, कुठल्या देशाचा कायदा काय म्हणतो, मासे झोपतात का, सगळं त्याला ठाऊक, आणि जे ठाऊक ते बरोबर. लग्नानंतरची पहिली काही वर्षं बायकोने त्याला कुठेतरी चुकताना पकडायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. शेजारच्या म्हातारीला वाटायचं, आपल्या गुडघ्यांना तेलाने आराम पडतो. याने तिला दारात उभं करून पटवलं की आराम चोळण्याने पडतो, तेलाचा त्यात काडीचा संबंध नाही. बरोबरच होतं ते. म्हातारीने तेल सोडलं, तेलाबरोबर चोळणंही सोडलं, आणि आता ती जिना उतरत नाही.

वाचनालयात दर आठवड्याला वादसभा भरायची. बायकोने त्याला पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच. ती तेव्हा लग्नाच्या वयाची होती, आणि हा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एका मास्तरांना चारी मुंड्या चीत करत होता. मास्तर बिचारे घामाघूम झालेले. 'नवरा असावा तर असा, कुणापुढे मान खाली घालणार नाही,' असं तिला वाटलं. त्या वयात वाटतं. मास्तरांची मान खाली गेलेली तिने पाहिली होती, पण तिकडे कोण लक्ष देतो? पुढे ती सभा ओस पडत गेली. आधी मास्तर यायचे थांबले, मग पोस्टमन, मग औषधाच्या दुकानाचा मालक. शेवटी वाचनालयाने त्या खोलीत मुलांचा चित्रकलेचा वर्ग सुरू केला. बिनतोड अजूनही छाती काढून सांगतो, "माझ्यासमोर उभं राहायला कुणी उरलंच नाही." रिकाम्या खुर्च्यांना हरवून घरी येणारा असा वीर दुसरा झाला नसेल.

घरातही तेच. लेकीने लग्नासाठी मुलगा पसंत केला तेव्हा 'काय पाहिलंस त्याच्यात' असं आईने विचारलं. "फार बोलत नाही गं," लेक म्हणाली. ती लांबच्या गावी राहते आणि फोन करते तो संध्याकाळी, वडील वाचनालयात गेलेले असताना.

कारखान्यात त्याचं काम जोड्या लावण्याचं. शिवून, उलटवून, गरम पितळी पंजावर चढवून घडी बसलेले हातमोजे त्याच्या टेबलावर येत. डावा उजव्याला मिळतो का, कातड्याची छटा एक आहे का, अंगठ्याजवळचा टाका सैल तर नाही, हे तो बघे. म्हणजे चुका काढण्याचा त्याला पगार मिळे. काम सुटल्यावर तो त्याच फुकटात काढी.

शिवणाऱ्या बायका तळघरात बसत. कातडं ताणून कापायचं तर ते ओलसर लागतं, कोरडं पडलं की टेबलाच्या कडेवर ओढताना फाटतं. म्हणून कापणारे तळघरात, हे ठीक. शिवणाऱ्यांना त्या ओलीची काय गरज? पण थोरल्या मालकांनी सगळ्यांना एकाच ठिकाणी कोंबलं होतं, जिन्यावरून ने-आण करण्यात वेळ जाऊ नये म्हणून. भिंतींना कायम ओल, छताला टांगलेले दिवे, आणि त्या उजेडात काळ्या कातड्यावर काळ्या दोऱ्याने, मुंगीच्या पावलाएवढे टाके. बायकांचे डोळे तिथे जात. सगळ्यांत जुन्या शिवणाऱ्या आत्याबाई. त्या कुणाची आत्या होत्या कुणास ठाऊक, पण सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत. त्यांना आता हातातलं काम जवळजवळ दिसत नसे. त्या बोटांनी टाके चाचपत आणि विचारलं तर 'छान दिसतंय की' म्हणत.

बिनतोडच्या बायकोला हल्ली संध्याकाळी सुईचं नेढं दुहेरी दिसायला लागलं होतं. पुढे दुपारीही दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "उजेडात बसून काम करा, नाहीतर हे काम सोडा." तिला दुसरं काम येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं नकोही होतं. तिच्या हातचा अंगठा असा बसायचा की घालणाऱ्याला शिवण कळायची नाही. आयुष्यात तिच्या मालकीचं असं तेवढंच होतं. आत्याबाईंसारखं चाचपत बसायचं या विचाराने तिला धडकी भरायची.

आणि उजेड होता. डोक्यावरच होता. जिना चढून गेलं की रस्त्याच्या बाजूला मोठी खोली, तीन भिंतींना खिडक्या, सकाळपासून ऊन. ती थोरल्या मालकांची बसायची खोली. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने, मालकीणबाईंनी, तिला कुलूप घातलं, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. कारखाना त्या स्वतः चालवत, आणि बरा चालवत. बाई कडक होत्या, पण दगड नव्हत्या. एकदा आत्याबाईंना जिन्यावर ठेचकाळताना त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, शिवणाऱ्यांचं काय म्हणणं आहे ते सगळ्यांनी मिळून येऊन सांगा.

बायकांचं ठरलं होतं, आत्याबाई बोलतील. पण बिनतोडने स्वतःच स्वतःला वकील नेमलं.

"मुद्दे मी मांडतो," तो म्हणाला. "तुम्ही भावनेच्या भरात बोलाल आणि विषय भरकटेल."

आत्याबाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "मांड बाबा. पण मी खोकले की थांबायचं. कबूल?"

"कबूल," बिनतोड म्हणाला.

मालकीणबाईंच्या कचेरीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. सुरुवातीला तो बोलला, आणि खोटं कशाला बोला, चांगलं बोलला. ओलसर हवेत काय होतं, किती उजेड लागतो, टाके चुकल्याने किती माल परत येतो, सगळं मुद्देसूद. मालकीणबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी पर्स उघडली, किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत म्हणाल्या,

"शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले होते, खालच्या बायकांना वर आणायचं राहून गेलं. माझ्याच्याने इतके दिवस ती खोली उघडवली नाही. पण त्यांची इच्छा होती. तेव्हा..."

थोरले मालक काय चीज होते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या माणसाने खालच्या बायकांसाठी कधी जास्तीचा दिवा लावला नव्हता, तो खोली काय देणार? पण सगळ्यांना हेही कळलं की बाई नवऱ्याची खोली परक्यांना देत नव्हत्या, नवऱ्याच्या हातून देववत होत्या. इतकं साधं ते. झाडूवालीला कळलं, दारातल्या पहारेकऱ्याला कळलं. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "मालक तसेच होते हो. बोलून दाखवायचे नाहीत, पण मनात असायचं." आणि डोळ्यांना पदर लावला. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. वाद कशाला म्हणतात हेही त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"एक दुरुस्ती," बिनतोड म्हणाला.

बायकोने त्याची बाही ओढली.

"थोरले मालक शेवटच्या आजारपणात काही म्हणाले असणं शक्य नाही. घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज गेला होता. आधी पाटीवर लिहायचे, शेवटी शेवटी तेही थांबलं होतं."

आत्याबाई खोकल्या.

"पाणी घ्या," बिनतोड म्हणाला आणि पुढे गेला. "उलट त्यांचं मत काय होतं ते मी स्वतः ऐकलंय. वर रंगकाम चाललं होतं, मालक शिडीला टेकून उभे होते. मीच विषय काढला. ते म्हणाले, तळघरात काय वाईट आहे? बायका वर आल्या की रस्त्याकडे बघत बसतील. अगदी हेच शब्द. तेव्हा खोली द्यायची ती त्यांच्या इच्छेचा दाखला देऊन नको. उजेडाच्या शास्त्रीय आधारावर द्यायला हवी. नाहीतर निर्णयाचा पायाच चुकीचा ठरेल."

आत्याबाईंना आता खोकल्याची उबळच आली. कुणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हणजे मी खोटं बोलते?" मालकीणबाईंनी विचारलं. आवाज अगदी शांत.

इथे तरी माणूस थांबतो. कुत्रंसुद्धा मालकाचा आवाज असा लागला की शेपूट आत घेतं. बिनतोडला मात्र वाटलं, शंका विचारली आहे, समाधान करावं. "खोटं नाही म्हणत मी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "हा स्मरणाचा दोष. दुःखात माणसाला जे ऐकावंसं वाटतं तेच ऐकल्यासारखं आठवतं. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय."

मालकीणबाईंनी किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "त्यांची इच्छा नव्हती. मग मी ती मोडणारी कोण? या आता."

जिना उतरताना एक बाई रडत होती. बिनतोड बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला, "पाहिलंस? एकाही मुद्द्याला उत्तर नव्हतं त्यांच्याकडे." त्याचे डोळे चमकत होते. बायकोला तेव्हा राग आला नाही. राग आपल्या तोलामोलाच्या माणसाचा येतो. तिला किळस आली, ताटात माशी निघाल्यावर येते तशी, आणि ती आपल्या नवऱ्याची आली हे कळून तिला स्वतःचीच लाज वाटली.

आत्याबाई तळघरात जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, किल्ली टेबलावर होती. टेबलावर!"

पण बायको हातपाय गाळून बसणारी नव्हती. दोन-चार दिवस जाऊ दिले आणि एका दुपारी ती एकटीच मालकीणबाईंच्या कचेरीत गेली. काय बोलायचं ते टाके घालता घालता तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. तशी ती खोटं बोलणारी बाई नव्हती. पण समोरच्या बाईसाठी पळवाट शिवून द्यायची तर दोरा कुठून तरी आणावा लागतो.

"बाई, आमचे हे म्हणाले ते खरंच आहे, थोरल्या मालकांचा आवाज गेला होता," ती म्हणाली. "पण मी एकदा तुमच्या घरी त्यांना बघायला आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे बोट केलं, आणि मग वर. मला तेव्हा उलगडा झाला नाही. परवा तुम्ही बोललात तेव्हा झाला."

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हे खोटं आहे हे दोघींनाही माहीत होतं. मग बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू आली होतीस खरी," त्या म्हणाल्या. "खुर्ची खिडकीशी होती त्यांची. हो, बोट दाखवायचे ते." आणि पुढे म्हणाल्या, "उद्या सगळ्यांना बोलावते. सगळ्यांसमोर सांग. माझं एकदा हसं झालंय, ते तसंच ठेवून मला खोली उघडता येणार नाही. आणि तुझ्या नवऱ्याला आवर."

जिना उतरताना बायकोला पायऱ्या दिसत नव्हत्या. पण या खेपेला डोळ्यांत पाणी होतं म्हणून.

घरी तिने त्याला जेवायला वाढलं, पोटभर जेवू दिलं, आणि मग सांगितलं. काहीही न लपवता. बिनतोडने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पण तू गेलीच नव्हतीस त्यांना बघायला."

"नव्हते गेले."

"म्हणजे हे धडधडीत खोटं आहे."

"हो."

"खोट्या पुराव्यावर मिळालेली गोष्ट टिकत नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर?"

"कोण घेणार? तुम्हीच घ्याल. तुमच्याशिवाय कुणाला हौस नाही."

मग तो सुरू झाला. खोट्याने सत्याची किंमत कशी कमी होते. योग्य मागणीला अयोग्य आधार दिला की मागणीच कशी बदनाम होते. मालकीणबाईंना भ्रमात ठेवणं हा त्यांचाच कसा अपमान आहे. एकेक मुद्दा घोटून गुळगुळीत केलेला, कुठे बोट शिरायला जागा नाही. बायको ऐकत राहिली. तिला वाटलं, याच्या डोक्यात सगळ्या जगाला जागा आहे, फक्त समोर बसलेल्या माणसाला नाही. वाद कशासाठी चाललाय, त्यातून कुणाला काय मिळायचंय, हा प्रश्न याला कधी पडलाच नाही. याला वाद म्हणजे पाटी. पुसली, स्वच्छ झाली, संपलं.

"तुमचं सगळं खरं," ती म्हणाली. "मी हरले. आता माझं एक ऐका. तुम्हाला खोटं बोलायला नाही सांगत. नुसतं गप्प बसा. माझे डोळे चाललेत हो. उद्या एवढा वेळ गप्प बसा, आयुष्यात परत काही मागणार नाही."

तो थोडा हलला असावा. तेवढा न्याय त्याला द्यायला हवा.

"बरं," तो म्हणाला. "मी वाद घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा तीच दाटी. बायकोने सांगितलं. आवाज कापत होता, पण कापणारा आवाज अशा वेळी खराच वाटतो. आत्याबाईंनी पदर तयार ठेवला होता. मालकीणबाई म्हणाल्या, "हो. खुणेने बोलायचे ते. मीच 'म्हणाले' म्हणून बसले, माझं चुकलं." इतकी मानी बाई, आपली चूक झाली म्हणाली! सगळ्या बायकांना गलबलून आलं. किल्ली पुन्हा बाहेर आली. या वेळी ती टेबलावर नाही, आत्याबाईंच्या दिशेने पुढे केलेल्या हातात होती.

बिनतोड दाराशी उभा होता. ओठ घट्ट मिटलेले होते. बायको बघत होती त्याच्याकडे. मनातल्या मनात ती म्हणत होती, एवढा क्षण, देवा, एवढा एक क्षण. आत्याबाईंनी हात पुढे केला. त्यांना किल्ली नीट दिसेना, म्हणून त्या हवेत चाचपडल्या.

आणि मालकीणबाईंचं लक्ष बिनतोडकडे गेलं. मोठेपणाने त्यांनी त्यालाही आत ओढायचं ठरवलं. "काय हो, आता पटलं ना तुम्हालाही?"

'हो' म्हणायचं होतं. नुसतं मान हलवूनही चाललं असतं.

"मी वाद घालणार नाही असं हिला कबूल केलंय," बिनतोड म्हणाला. "त्यामुळे वाद घालत नाही. फक्त तुम्ही थेट विचारलंत, म्हणून नोंद करतो. मालकांचा आवाज गेला त्याआधीच ही लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मालक गेल्याची बातमी मीच हिला फोनवर कळवली. तेव्हा ही त्यांना भेटली असणं शक्य नाही. यावर माझं मत काही नाही."

मत काही नाही! भर दिवसा, दहाजणांसमोर बायकोला खोटारडी ठरवली आणि वर म्हणे मत नाही.

मालकीणबाईंचा हात आत्याबाईंच्या बोटांपासून इतक्या जवळ होता की किल्ली पडली असती तरी आत्याबाईंच्या तळहातावर पडली असती. तो हात मागे गेला. एकदा खोटं उघडं पडलं तेव्हा बाईंनी ते सोसलं होतं. आता दुसऱ्यांदा, तेही कारखान्यातल्या बाईशी संगनमत केल्यासारखं. आता खोली दिली असती तर सगळी नाटकं आपलीच होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"तुझा नवरा फार खरा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळ."

पुढे त्या खोलीचा विषय कुणी काढला नाही. मालकीणबाईंनी तळघरात दोन दिवे वाढवले. ते कापणाऱ्यांच्या बाजूला जास्त पडतात. बायकोने काही महिने रेटलं आणि मग शिवणकाम सोडून उलटवण्याच्या टेबलावर बसली. तिथे शिवलेला हातमोजा आतून बाहेर काढायचा असतो, बोटांत लाकडी काठी घालून एकेक बोट उलटवायचं. त्याला डोळे लागत नाहीत. तिच्या जागेवर एक नवी मुलगी आली. तिच्या हातचा अंगठा जाडजूड बसतो. बिनतोड तो जोडी लावताना बाजूला काढतो आणि म्हणतो, "अंगठा बसवणं सोपं नाही. आमच्या हिच्या हातची शिवण बघायला हवी होती."

घरी बायकोने एक गोष्ट केली. त्याच्याशी वाद घालणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही, काही नाही. तो म्हणाला ऊन आहे, की 'हो'. तो म्हणाला हे सरकार टिकत नाही, की 'हो'. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला तरी 'हो', जास्त आहे म्हणाला तरी 'हो'. दुसरा एखादा नवरा आठ दिवसांत घाबरला असता. हा खुलला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो सांगतो, "आमच्या घरात आता पूर्ण एकमत आहे. वेळ लागला, पण पटतं माणसाला. मुद्दा खरा असला की उशिरा का होईना, पटतंच." कापणारे माना खाली घालून जेवतात. आत्याबाई तर आता त्याच्यासमोर खोकतही नाहीत.

परवा सुट्टीच्या दिवशी तो खिडकीशी पेपर वाचत बसला होता. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याला लहर आली. पेपर तिच्यापुढे धरून त्याने एका बातमीवर बोट ठेवलं.

"ही ओळ वाच. यात एक ढळढळीत चूक आहे. सापडते का बघ."

बायकोने पेपर हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. कागदावर करडे पट्टे होते, एकाखाली एक, पावसात भिजून सुकल्यासारखे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, काही कळत नव्हतं. खिडकीतून ऊन थेट कागदावर पडलं होतं.

"हो," ती म्हणाली. "चूक आहे खरी."

"फसलीस!" बिनतोडने टाळी वाजवली. "एकही चूक नाही त्यात. मुद्दाम विचारलं. बघ, माणूस न तपासता कसा हो म्हणून मोकळा होतो. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय."

"हो," ती म्हणाली, आणि पेपर चाचपत घडी करून त्याच्या हातात दिला.

अक्षर दिसत नाही हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तिला कारणं समजावून सांगितली असती, आणि ती सगळी बरोबर असती.